तांब्याचा सुटा अणू

मी नेमकं काय काम करते हे घरी नीट सांगायचा प्रयत्न मी पहिल्यांदा केला, तेव्हा आम्ही तिघं अंगणात बसून तुरीचे सोले काढत होतो. आई, बाबा आणि मी. मंगरूळपीरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करते, एवढं दोघांना माहीत होतं. पण पीएच.डी. म्हणजे लेक लॅपटॉपसमोर बसते आणि कपाळाला आठ्या घालते, यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. त्या दिवशी बाबांनी सरळच विचारलं.

"तू त्या डब्ब्यात दिवसभर काय पाह्यते व? प्रयोग करतो म्हनते, अन् घरात ना एक नळी, ना एक बाटली."

मी सांगायला लागले. धुरात कार्बन डायऑक्साइड असतो. तो मोठा हट्टी वायू. सहजासहजी कशाशी जुळत नाही. पण वीज दिली आणि योग्य उत्प्रेरक हाताशी असला, तर पाण्यातल्या हायड्रोजनशी त्याची गाठ घालता येते आणि मिथेनॉलसारखं जळणारं काहीतरी बनवता येतं. उत्प्रेरक म्हणजे काम घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा. तो बहुतेकदा धातूचा असतो. धातूचा गोळा घेतला तर वरचे अणू तेवढे कामाला येतात, आतले नुसते बसून राहतात. म्हणून कार्बनच्या अगदी पातळ, एका अणूच्या जाडीच्या पत्र्यावर धातूचे सुटे सुटे अणू बसवायचे. प्रत्येक अणू कामाला. आता कोणता धातू, त्याच्या शेजारी नायट्रोजन किती, अशा जोड्या भरमसाट होतात. त्या सगळ्या प्रयोगशाळेत बनवत बसलं तर जन्म जाईल. म्हणून आधी कॉम्प्युटरवर गणितानं चाळून घ्यायच्या. चाळणीवर ज्या टिकतील, त्याच खऱ्या करून पाहायच्या. माझं काम म्हणजे ही चाळणी.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. हातातली शेंग सोलून टोपल्यात टाकली.

"म्हनजे धुरापासून डिझेल."

"डिझेल नाही, बाबा. आणि मी बनवत नाही. कशानं बनू शकेल ते गणितानं शोधते."

"तेच तं म्हनून राह्यलो मी."

आई हसली. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

त्या दिवसांत माझं डोकं तसंही ठिकाणावर नसायचं. गणितं करणारा मोठा कॉम्प्युटर दूरच्या शहरात, माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या विद्यापीठात. मी गावातून नेटवर त्याला काम पाठवायचं, ते रांगेत लागायचं आणि नंबर आला की चालायचं. गावात नेट नीट मिळायचं ते फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. काम पाठवायला बसावं आणि लाइन जावी. लाइन यावी तोवर कॉलेजची वेळ व्हावी. इकडून सगळं सुरळीत झालं तर तिकडे गणित जुळत नसे. आकडे खालीवर होत राहायचे, एका जागी थांबायचेच नाहीत, आणि ठरलेला वेळ संपला की सर्व्हर काम अर्ध्यावर मारून टाकायचा. पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजात प्राचार्यांना वाटायचं, या बाईंचं संशोधन घरी बसूनच तर चालतं, म्हणजे वेळच वेळ. म्हणून परीक्षेचं सुपरव्हिजन, गॅदरिंगची सजावट, झाडं लावणं, सगळं माझ्याकडे.

अशात तांबं निघालं.

बाकीचे धातू एकेक करून गळाले होते. काही कार्बन डायऑक्साइडला धरतच नव्हते. काही इतके घट्ट धरत होते की पुढे बनलेलं काही सोडतच नव्हते. काहींना त्या वायूत रस नव्हता, नुसता हायड्रोजन सोडत बसायचं होतं. तांब्याचा अणू एका विशिष्ट खाचेत, तीन नायट्रोजन आणि एका कार्बनच्या मधे बसवला, तेव्हा मात्र पायरीमागून पायरी सोपी होत गेली. कुठे मोठा चढ नाही. मी पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. मॅडमना फोन केला.

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण लगेच हुरळून जाऊ नकोस. आपण हे सगळं निर्वातात केलंय. खरं काम पाण्यात चालतं. वर पाण्याचे थर ठेवून अणूंना हलू दे, मग बघू."

मी बाहेर कुणाला बोलले नाही. पण आनंद घरात तरी कुठे ठेवायचा? जेवताना म्हणाले, "बाबा, तांबं चांगलं निघालं."

बाबा एवढे खूश झाले की त्यांनी आणखी एक भाकर घेतली.

दुसऱ्या दिवशी ते मंगरूळला बियाण्याच्या कामाला गेले. बसस्टँडजवळच्या हॉटेलात ते नेहमी चहा घेतात. तिथेच एका स्थानिक साप्ताहिकाचे वार्ताहर बसलेले असतात. त्या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर माझा पासपोर्ट फोटो होता, बारावीच्या फॉर्मवर लावलेला, दोन वेण्यांचा. वर मोठ्या अक्षरांत मथळा: धुरापासून डिझेल! शेतकऱ्याच्या लेकीचा शोध.

मी कॉलेजच्या व्हरांड्यातूनच वार्ताहरांना फोन लावला.

"मी कसलाही शोध लावलेला नाही. आणि डिझेलचा तर संबंधच नाही."

"मॅडम, बातमी चांगलीच हाय ना? बदनामी थोडीच केली तुमची?"

"पण ती खरी नाही."

"थोडं सोपं करून लिहा लागते. लोकाईले मिथेनॉल कायले समजते?"

"मग पुढच्या अंकात खुलासा छापा."

"खुलासा छापला तं लोक म्हनतीन, काहीतरी घोळ हाय. नुकसान तुमचंच. जाऊ द्या ना मॅडम, चार दिवसांत विसरतीन सारे."

कुणी विसरलं नाही. मानोऱ्याकडच्या एका लांबच्या मामांचा फोन आला की पंप काढायचा असेल तर रोडला लागून जागा आहे. कॉलेजात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, जी एरवी देत नाहीत, आणि म्हणाले, "आपल्याकडे पाहणीची समिती येणार आहे. एक छोटंसं मॉडेल ठेवा. धूर इकडून जातो, इंधन तिकडून निघते. मुलं मदत करतील." मी म्हटलं, सर, दाखवण्यासारखं काही नाही, नुसते आकडे आहेत. ते म्हणाले, "तेच तर. आकडे कोण पाहते? मॉडेल पाहतात."

पण सगळ्यात जास्त तळमळ झाली ती घरी. एका दुपारी कॉलेजातून परतले तर आमच्या अंगणात ट्रॅक्टर नुसताच धडधडत उभा होता आणि अंगणभर काळा धूर. आई पदर नाकाला लावून गोठ्याच्या दाराशी उभी. शेजारचे काका कुंपणावरून मान काढून बघत होते. बाबांनी सायलेन्सरच्या वरच्या टोकाला वाकडा पाइप जोडून त्याचं तोंड खाली वळवलं होतं आणि त्या पाइपात विहिरीवरच्या जळालेल्या मोटरची तांब्याची तार गुंडाळून कोंबली होती. पाइपाच्या तोंडाशी लोणच्याची रिकामी बरणी.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

"तुह्यंच काम करून राह्यलो. तांबं टाकलं अंदर. पाह्य, थेंब येऊन राह्यले."

बरणीच्या बुडाशी खरंच थोडं काळपट काहीतरी जमलं होतं.

"पाणी आहे ते. इंजिनच्या धुरात वाफ असते, थंड पाइपाला लागली की पाणी होतं."

"वास तं डिझेलचा येते."

"डिझेलच्या इंजिनातून दुसरा कशाचा वास येईल, बाबा?"

कुंपणावरून काकांनी विचारलं, "निघालं का काही?"

"बंद करा आधी ते!" मी ओरडले. बाबांवर मी कधी असं ओरडले नव्हते. त्यांनी वाकून इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं, आणि त्या शांततेत माझाच आवाज मला मोठा वाटला. मी त्यांना पुन्हा सांगत सुटले की तार म्हणजे सुटा अणू नव्हे, तारेत अणूंचे ढीगच्या ढीग असतात, त्याला कार्बनचा पत्रा लागतो, पाणी लागतं, बाहेरून वीज द्यावी लागते, धूर नुसता तांब्यावरून गेला म्हणून काही होत नाही. बाबा तार ओढून काढत होते. ती काजळीनं काळी झाली होती.

"तांबं तं तांबंच असते ना?" ते म्हणाले.

"नसतं."

"मंग तू नीट सांगत काहून नाई?"

मी सांगितलं होतं. तास घेते तसं सांगितलं होतं. एवढंच की मी जे सांगितलं आणि त्यांनी जे ऐकलं, त्यात कुठेच मेळ नव्हता. आणि माझा राग त्यांच्यावर होता, वार्ताहरावर होता, की मी ज्या कामात अडकले त्याच्यावर, हे मला त्या अंगणात उभं राहून ठरवता येईना.

तिकडे पाण्याचं गणित चाललं होतं. चाललं होतं म्हणायचं इतकंच. पत्र्यावर पाण्याचे रेणू रचले की अणूंची संख्या वाढते आणि कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चालतो. अणूंना उष्णतेनं हलू द्यायचं, आणि प्रत्येक हालचाल इतक्या बारीक तुकड्यांत मोजायची की सारं मिळून झालेली खरी वेळ पापणी लवण्यापेक्षाही कितीतरी कमी भरते. त्यासाठी आठवडेच्या आठवडे जातात. मधे रांग, मधे सर्व्हर बंद, मधे माझं नेट. शेवटी एका दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, बाजूला कुणी डबा खात असताना, मला त्या हालचालीची फिल्म बघायला मिळाली.

सुरुवातीला तांब्याचा अणू आपल्या खाचेत नीट बसलेला होता. थरथरत होता, पण जागेवर. वर पाणी हलत होतं. मग पाण्यातला एक हायड्रोजन खाली येऊन शेजारच्या नायट्रोजनला चिकटला. नायट्रोजननं तांब्यावरची पकड सैल केली. काही वेळानं दुसऱ्याशी तसंच झालं. तांबं एका बाजूला कललं, वर उचललं गेलं आणि सरळ पाण्यात निघून गेलं. मी फिल्म संपेपर्यंत थांबले. ते परत आलं नाही. पत्र्यात रिकामी खाच तेवढी उरली.

मी वेगळ्या मांडणीपासून पुन्हा सुरुवात करून पाहिली. पुन्हा ती वाट बघणं. पुन्हा तेच. मधल्या काळात मॅडमच्या ओळखीच्या प्रयोगशाळेनं तसा नमुना बनवून पाहिला होता. त्यांनी कळवलं की काम सुरू करायच्या आधी तांब्याचे अणू सुटे होते, नंतर सूक्ष्मदर्शकात बघितलं तर त्यांचे बारीक गोळे झाले होते. म्हणजे उठून गेलेलं तांबं एकमेकांना जाऊन मिळत होतं.

"बरं झालं, आताच कळलं," मॅडम फोनवर म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. पण ते 'बरं झालं' मला लागलं.

"ऐकतेयस ना? आता एक करावं लागेल. आपल्या चाळणीत निर्वातात ज्या ज्या जोड्या पास झाल्या, त्या सगळ्या पाण्यात घालून परत बघायला हव्यात. आणि ज्या नापास झाल्या त्यातल्याही काही. पाण्यात त्या वेगळ्या वागू शकतात."

म्हणजे चाळणीच पुन्हा विणायची. मी "हो मॅडम" म्हटलं, फोन ठेवला आणि पर्यवेक्षणाला गेले. वर्गात मुलं पेपर लिहीत होती आणि मी खिडकीपाशी उभी राहून मनातल्या मनात त्या तांब्याशी भांडत होते.

गावात तोपर्यंत वेगळंच ठरलं होतं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनानंतर माझा सत्कार. त्या आधीच्या सकाळी बाबा दाढी करत असताना मी त्यांना सांगितलं की तांबं फेल गेलं, सत्कार नको म्हणून सांगा.

बाबांचा हात थांबला. "सरपंचानं शाल आनून ठेवली. आता कसं सांगू?"

"मी सांगते तिथे."

"तू काही नको सांगू. गुपचूप शाल घे अन् ये."

शाळेच्या मैदानात झेंडा झाला, मुलांची कवायत झाली. मग सरपंच माइकपाशी आले आणि म्हणाले की आपल्या गावची लेक शेतकऱ्याची डिझेलची चिंता कायमची मिटवून राह्यली. शाल आली, नारळ आला. कुणीतरी फोटोसाठी मला झेंड्याच्या खांबाकडे सरकवलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, "मी डिझेल बनवलेलं नाही. मी कोणताही शोध लावलेला नाही. एक धातू चांगला वाटला होता, तो चुकीचा निघाला. काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार आहे. एवढंच आहे."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. सरपंचांनी माझ्या हातून माइक घेतला.

"पाहा! एवढा मोठा शोध लावला, पन पोरीले तिळभर गर्व नाई. मुलांनो, हे शिका!"

टाळ्या आणखी वाढल्या. मी नारळ हातात घेऊन उभी. खरं बोलले तरी काही होत नाही, असं मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट समोर दिसलं. त्यापेक्षा कुणी उठून मला खोटारडी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी येईपर्यंत बाबा पुढे आणि मी मागे. ओसरीवर त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"लोकाईपुढं असं काहून बोलली? माही मान खाली गेली."

"कशी जाईल? कुणी ऐकलंच नाही बाबा. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"मी ऐकलं ना."

मी शाल घडी करत होते, ती तशीच हातात राहिली. एवढ्या सगळ्या मैदानात माझं बोलणं एका माणसापर्यंत पोचलं होतं, आणि त्यालाच त्यानं दुखावलं होतं.

थोड्या वेळानं ते माझ्या खोलीच्या दारात आले. "खरंच गेलं का थे तांबं?"

मी लॅपटॉप उघडला आणि फिल्म लावली. हा पत्रा, हे निळे नायट्रोजन, हे वरचं पाणी, आणि हे तांबं. बाबा चष्मा लावून पुढे वाकले. तांबं कललं, उठलं, निघून गेलं.

"आनखीन एकदा लाव."

मी लावली. त्यांनी निळ्या गोळ्यावर बोट ठेवलं. "यानं सोडलं त्याले?"

"हो. त्याला पाण्यातला हायड्रोजन चिकटला, म्हणून."

"मंग आता?"

"आता सगळे धातू पुन्हा बघायचे. पाण्यात."

"लय दिवस लागतीन?"

"माहीत नाही."

"अन् थे पन असेच निघाले तं?"

"तर तसं लिहायचं."

बाबा सरळ झाले. "असं काम कायले करते मानूस?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेले. मला चीड आली. त्यांनी विचारलं म्हणून नाही. तो प्रश्न मी स्वतःला गच्चीवर टाकीच्या सावलीत कितीदा विचारला होता, आणि मलाही तो असाच अर्धवट सोडून खाली उतरावं लागलं होतं.

पुढे काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. या कामावर लिहिलेला आमचा पेपर एका ठिकाणाहून परत आला. परीक्षकानं लिहिलं होतं की यात नवीन काय आहे ते समजत नाही. दुसरीकडे तो दुरुस्त्या करून छापून आला. त्यात आमच्या तांब्याबद्दल एक वाक्य आहे: पाण्याच्या सान्निध्यात अणू जागेवर टिकत नाही. त्या एका वाक्यामागे माझा जवळजवळ सगळा हिवाळा गेला. कॉलेजात समितीसाठी मुलांनी थर्माकोलचं मॉडेल केलंच. त्यावरचं 'डिझेल' मी खोडायला लावलं, 'इंधन' राहू दिलं. समितीच्या एका सरांनी त्याचा फोटो काढला आणि मला काहीही न विचारता पुढच्या टेबलाकडे गेले.

परवा बाबा मंगरूळहून आले ते तणतणतच. हॉटेलात कुणीतरी विचारलं होतं, डिझेलचं काय झालं म्हणून.

"मंग काय सांगितलं तुमी?"

"सांगतलं ना. नाई जमलं म्हनलं. तांबं पान्यात टिकलं नाई." ते नळाखाली पाय धुवत होते. "तं तो म्हनते, लोखंड लावून पाहा म्हना पोरीले. जसं काई गोष्ट एवढीच हाय! म्या म्हनलं, बाबू, थे सारंच पाह्यते. लोखंड पन पाह्यते. पन त्याच्या बाजूले काय हाय, वरून पानी हाय का, थे पाहा लागते. थो हसाले लागला. लोकाईले समजतच नाई काही. सांगून सांगून तोंड दुखते."

आईनं त्यांना पंचा दिला. मी पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. लोखंडाचं गणित त्या दुपारी पुन्हा अर्ध्यावर बंद पडलं होतं. ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.